मी कुंपणाची बाजू सोडली

मी इंग्लंडच्या मिडलंड्स भागात पर्यावरण सल्लागार म्हणून काम करते. सोप्या भाषेत सांगायचं तर बिल्डरच्या जमिनीवर कोणते संरक्षित प्राणी आहेत हे शोधते, आणि त्यात सगळ्यात जास्त वेळ न्यूट मोजण्यात जातो. निदान जात असे. या कामात माझं एक मत पक्कं होतं आणि ते मी ऑफिसात, मित्रमंडळींत, एकदा तर भर सभेत ठासून मांडलं होतं. ज्या तळ्यावर बुलडोझर येणार, त्या तळ्यातला आणि त्याच्या आजूबाजूचा प्रत्येक न्यूट पकडून सुरक्षित जागी नेला पाहिजे. त्याऐवजी बिल्डरकडून पैसे घ्यायचे आणि ते दुसरीकडे तळी खणायला वापरायचे, ही योजना मला कायद्याची पळवाट वाटत होती. पैसे भरा आणि प्राणी मारा, असं मी तिचं वर्णन करत असे.

आज मी त्या योजनेच्या बाजूने आहे. हे लिहून काढावंसं वाटतं, कारण या बाजूला आधीपासून उभे असलेले बरेच लोक मला आवडत नाहीत आणि त्यांच्या कारणांसाठी मी इथे आलेले नाही.

आधी प्राण्याची ओळख करून देते, कारण आपल्याकडे तो फारसा कुणी पाहिलेला नसतो. न्यूट हा बेडकाच्या नात्यातला, पण शेपटी असलेला उभयचर. भारतात तो दार्जिलिंग आणि त्याच्या पूर्वेकडच्या डोंगरांत आढळतो, सह्याद्रीत एकही नाही. मी कोकणातली, त्यामुळे पहिला जिवंत न्यूट इथे येऊनच पाहिला. ब्रिटनमध्ये त्याच्या तीन जाती आहेत: स्मूथ, पामेट आणि ग्रेट क्रेस्टेड. पहिल्या दोन जेमतेम दहा सेंटिमीटरच्या. ग्रेट क्रेस्टेड मात्र पंधरा सेंटिमीटरच्याही पुढे जातो, आणि त्याच्याचमुळे इथल्या नियोजन खात्याच्या फायली जाड होतात. आमच्या धंद्यात त्याला जीसीएन म्हणतात.

तो ओळखायला कठीण नाही. अंग काळपट, खरखरीत, कुशीवर पांढरे बारीक ठिपके. पोट भडक नारिंगी आणि त्यावर काळे डाग. प्रत्येक प्राण्याच्या पोटावरची नक्षी वेगळी असते, त्यामुळे बोटांच्या ठशांसारखा तिचा उपयोग होतो: यंदा काढलेल्या फोटोवरून पुढच्या वर्षी तोच न्यूट ओळखता येतो. वसंतात नराच्या पाठीवर दातेरी तुरा उगवतो, शेपटीच्या मुळाशी तो तुटतो आणि शेपटीवर पुन्हा सुरू होतो. शेपटीच्या दोन्ही बाजूंना चंदेरी पट्टा असतो. स्मूथ न्यूटच्या नरालाही तुरा येतो, पण तो डोक्यापासून शेपटीपर्यंत सलग आणि नागमोडी असतो. मादीला तुरा नसतो. ती दोन-तीनशे अंडी घालते आणि प्रत्येक अंडं पाण्यातल्या एकेका पानात दुमडून ठेवते. त्यातली जवळपास निम्मी अंडी मरतात, कारण या जातीच्या पहिल्या गुणसूत्रात एक जुना दोष आहे आणि तो पिढ्यानपिढ्या तसाच चालत आला आहे.

इतकं नाजूक गणित असलेला प्राणी कायद्याने सांभाळला जातो. १९८१ चा वन्यजीव आणि ग्रामीण परिसर कायदा, युरोपचा १९९२ चा अधिवास निर्देश, आणि तो निर्देश इथल्या कायद्यात आणणारे २०१७ चे नियम. या सगळ्यांचा अर्थ एकच. न्यूटला मारणं, इजा करणं, पकडणं, त्रास देणं, त्याची वीण होणारी किंवा विसाव्याची जागा मोडणं हा गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते आणि दंडाला वरची मर्यादा नाही. पाहणीसाठी त्याला हात लावायचा तरी परवाना लागतो. तो परवाना मिळाला तेव्हा मी आईला फोन करून सांगितलं होतं. तिला त्यातलं फार काही कळलं नाही, पण माझ्या आवाजावरून काहीतरी मोठं झालंय हे कळलं.

आणि हे काम मला मनापासून आवडतं, हेही इथे सांगायला हवं. हंगाम मार्चच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत. तळ्यात जीसीएन आहेत की नाहीत एवढंच ठरवायचं तर चार फेऱ्या, संख्येचा अंदाज घ्यायचा तर सहा, आणि त्यातल्या निम्म्या तरी मध्य एप्रिल ते मध्य मे या महिन्यात. रात्रीचा पारा पाच अंशांखाली गेला तर ती फेरी धरत नाहीत. संध्याकाळी उजेड असताना पाणवनस्पतींची दुमडलेली पानं हळूच उलगडून अंडी शोधायची. ग्रेट क्रेस्टेडचं अंडं पिवळसर पांढरं आणि मोठं, बाकीच्या दोघांचं करडं आणि लहान. एक अंडं सापडलं की थांबायचं, कारण उलगडलेल्या पानातलं अंडं उघड्यावर पडतं. मग बाटल्या लावायच्या. थंडपेयाची दोन लिटरची बाटली, तोंडाकडचा भाग कापून उलटा आत बसवलेला, आरपार बांबूची काडी. ती काठालगत तिरकी रोवायची, अशी की आत हवेचा बुडबुडा राहील. आत शिरलेला न्यूट त्या हवेवर रात्र काढतो, म्हणून पहाटे ऊन चढायच्या आत सगळ्या बाटल्या काढाव्याच लागतात. अंधार पडला की काठाने फिरत मोठ्या टॉर्चने पाणी तपासायचं. पाणी नितळ असेल तर उजेडात नराच्या शेपटीचा पट्टा चमकतो आणि मागची सगळी थंडी वसूल होते. घरी येताना बूट जंतुनाशकात बुडवायचे, कारण उभयचरांना मारणारी बुरशी एका तळ्यातून दुसऱ्यात आपणच नेऊ शकतो.

या फेऱ्यांतून जो आकडा निघतो त्यावर जमिनीचं नशीब ठरतं. एका रात्रीत एका पद्धतीने दिसलेल्या प्रौढांची सगळ्यात मोठी संख्या धरायची. १० पर्यंत असेल तर लहान वसाहत, ११ ते १०० मध्यम, १०० च्या वर मोठी. खरं तर ही मोजणी नव्हेच. पाण्यात जे असतात त्यातले थोडेच दिसतात, आणि वर्षाचा बराचसा काळ न्यूट पाण्यात नसतातच. ते कुंपणाच्या झाडोऱ्यात, लाकडांच्या ओंडक्यांखाली, गवतात राहतात. पण नियमाला आकडा लागतो, आणि तो आकडा आम्ही देतो.

आकडा ठरला की कुंपण येतं. गुडघ्याच्या वर येईल एवढं प्लास्टिकचं कुंपण, खालची कड मातीत पुरलेली. त्याच्या कडेने जमिनीत बादल्या पुरायच्या. कुंपणाशी अडलेला न्यूट कडेने चालत जातो आणि बादलीत पडतो. रोज सकाळी बादल्या तपासायच्या, सापडलेले प्राणी उचलून दुसऱ्या तळ्याशी सोडायचे. इंग्लिश नेचर या तेव्हाच्या सरकारी संस्थेने २००१ मध्ये काढलेल्या मार्गदर्शिकेप्रमाणे लहान वसाहतीसाठी किमान ३० रात्री, मध्यमसाठी ६०, मोठीसाठी ९०. शेवटी सलग पाच रात्री बादल्या रिकाम्या राहिल्या की जागा मोकळी झाली असं मानायचं. मग जेसीबी आत.

या कुंपणावर माझा विश्वास होता. मी मोजलेला प्रत्येक प्राणी माझ्या हातातून सुरक्षित जागी गेलेला असे. डोळ्यांसमोर दिसणारं, वहीत नोंदलेलं, फोटो काढलेलं संरक्षण. त्यापेक्षा प्रामाणिक काम दुसरं कोणतं असेल, असं मला वाटायचं.

पहिली शंका आली ती एका अशाच सुरक्षित जागेवर परत गेल्यावर. तिथे काही वर्षांपूर्वी एका नव्या गृहप्रकल्पाच्या जागेवरचे न्यूट सोडले गेले होते. मी गेले ती वेगळ्याच कामासाठी, पण जाता जाता तळं पाहावं म्हणून थांबले. काठावर विलोची झाडं दाट वाढली होती, पाण्यावर सावली होती, तळाशी पानांचा काळा गाळ साचला होता. कुणीतरी गोल्डफिश सोडले होते, आणि पाव खायला सरावलेली बदकं माझ्याकडे पोहत आली. न्यूटची पिल्लं पाण्याच्या मधल्या थरात पोहतात, त्यामुळे मासे त्यांना सहज गाठतात. मासे आणि सावली यांपुढे त्यांचा निभाव लागत नाही. पुढे टॉर्च घेऊन गेले तेव्हा एकही ग्रेट क्रेस्टेड दिसला नाही.

यात दोष कुणाचा? परवान्यात लिहिलेल्या मुदतीपर्यंत देखभाल झाली होती. रहिवाशांना माशाबद्दल कुणी सांगितलं नव्हतं. कायदा कुणीच मोडला नव्हता.

ही एकटी जागा असती तर मी ती विसरले असते. पण केंट विद्यापीठातले रिचर्ड ग्रिफिथ्स आणि त्यांचे सहकारी यांनी २००५ मध्ये एक आढावा छापला होता, १९९० ते २००१ या काळात इंग्लंडमध्ये बांधकामासाठी केलेल्या अशा स्थलांतरांचा. मी तो विद्यार्थीदशेत वाचला होता आणि सोयीने विसरले होते. पुन्हा वाचला. स्थलांतर यशस्वी झालं की नाही हे सांगण्याइतकी नंतरची माहितीच बऱ्याच ठिकाणी गोळा झालेली नव्हती. म्हणजे आम्ही ९० रात्री बादल्या तपासत होतो, एकेक न्यूट उचलत होतो, आणि त्यांचं पुढे काय झालं हे पाहायला फारसं कुणी जात नव्हतं. सगळी काळजी, सगळा पैसा प्राणी उचलण्यापर्यंत होता. तो टिकण्यासाठी जवळजवळ काहीच नव्हतं.

मग मी उलट्या बाजूने विचार करायला लागले. इंग्लंडमधले ग्रेट क्रेस्टेड न्यूट कमी झाले ते कशामुळे? माझ्या कामामुळे मला बिल्डरच दिसायचा, म्हणून उत्तरही बिल्डर हेच वाटायचं. पण विसाव्या शतकात या देशातली निम्म्याच्या आसपास तळी गेली, आणि त्यातली पुष्कळशी बांधकामाखाली नाही गेली. ती शेतात होती. गुरांना पाणी पाजायला, शेतात पसरायची चुनखडीयुक्त माती खणताना, पूर्वजांनी केलेली. नळाचं पाणी आणि हौद आले, घोडे गेले, ट्रॅक्टर आले, आणि तळ्याचं शेतकऱ्याला काही काम राहिलं नाही. काही बुजवली, शेत मोठं करायला. उरलेल्यांकडे कुणी पाहिलं नाही. काठावरची झुडपं वाढली, सावली पडली, पानं सडली, तळं उथळ झालं आणि एक दिवस त्याचा चिखल झाला. त्या तळ्यातल्या न्यूटना कुणी मारलं नाही. माझ्या आवडत्या कायद्याला त्यात पकडण्यासारखं कुणी सापडलंच नसतं. तो मारणाऱ्याला गाठतो, विसरणाऱ्याला नाही.

याची दुसरी बाजू मला नॉरफकमध्ये दिसली. इंग्लंडच्या कोणत्याही परगण्यापेक्षा तिथे तळी जास्त आहेत, आणि युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनचे कार्ल सेयर आणि त्यांचे सहकारी तिथल्या शेतकऱ्यांबरोबर दुर्लक्षित तळी पुन्हा उघडतात. काठावरची झाडं काढायची, गाळ काढायचा, ऊन पाण्यापर्यंत पोचू द्यायचं. झाडं कापताना पाहिलं की पर्यावरणवाल्याला कसंसंच होतं, मलाही झालं. पण पुढच्याच उन्हाळ्यात पाण्यात वनस्पती परत येतात. त्यांनी तर शंभराहून अधिक वर्षांपूर्वी बुजवलेली तळीही जुन्या नकाशांवरून शोधून खणली, आणि मातीत दबून राहिलेली पाणवनस्पतींची बीजं उगवली. जी गोष्ट मी अतिशय नाजूक, एकदा गेली की गेली अशी समजत होते, ती फावडं लावलं की परत येत होती.

पीटरबरोजवळचे ऑर्टन पिट्स हे याचं मोठं उदाहरण. ब्रिटनमधल्या सर्वांत मोठ्या ज्ञात ग्रेट क्रेस्टेड वसाहतींपैकी एक तिथे आहे, आणि ती जागा आहे विटांसाठी माती खणलेली. यंत्राने माती ओरबाडल्यावर राहिलेल्या उंचसखल रांगांत पाणी साचलं, शेकडो तळी झाली, जवळजवळ, वेगवेगळ्या वयाची. न्यूटना तेच हवं असतं. एखादं तळं एखाद्या कोरड्या वर्षी आटतं, तेही बरं, कारण त्याबरोबर मासेही मरतात. तळ्याची न्यूटसाठी योग्यता ठरवायचा जो दहा घटकांचा निर्देशांक आम्ही वापरतो, त्यात कधीच न आटणाऱ्या तळ्यापेक्षा क्वचित आटणाऱ्या तळ्याला थोडे जास्त गुण आहेत. त्याच निर्देशांकात एक किलोमीटरच्या आत आणखी किती तळी आहेत हाही एक घटक आहे. हा तक्ता मी असंख्य वेळा भरला होता. तो काय सांगतोय हे मात्र ऐकलं नव्हतं: न्यूटची वसाहत एका तळ्यात नसते, शिवारभरच्या तळ्यांत मिळून असते. एका तळ्यातून ती नाहीशी होते, शेजारच्या तळ्यातून परत भरते. शेजार मोडला की प्रत्येक तळं एकेकटं मरतं. मी कुंपण घालून, उरलेल्या शेजारातून उचलून, न्यूटना अशाच एकेकट्या तळ्यात नेऊन सोडत होते.

तेव्हा पैसे भरण्याची ती योजना, जिल्हा परवाना असं तिचं नाव, मी नीट वाचली. आधी फक्त तिच्याविरुद्धचे लेख वाचले होते. सुरुवात वोकिंग या गावातल्या प्रयोगाने झाली आणि मग ती इंग्लंडभर पसरली. परिसरातली तळी, झाडोरा आणि न्यूटच्या नोंदी यांवरून कोणत्या भागात न्यूट असण्याची शक्यता किती याचा नकाशा तयार केला जातो. बिल्डर स्वतंत्र पाहणी आणि कुंपण न करता ठरलेली रक्कम भरतो. त्यातून, शक्यतो बांधकामाच्या आधीच, चांगल्या परिसरात नवी तळी खणली जातात किंवा जुनी दुरुस्त होतात. साधारण एका गेलेल्या तळ्यामागे चार. आणि त्यांची देखभाल व तपासणी पंचवीस वर्षं करायची असते.

हे नकाशे शक्य झाले ते पाण्यातल्या डीएनएमुळे. २०१४ पासून ही तपासणी इंग्लंडमध्ये अधिकृत आहे. मध्य एप्रिल ते जूनअखेर तळ्याच्या काठाने वीस ठिकाणांहून प्रत्येकी ३० मिलिलिटर पाणी घ्यायचं, एकत्र ढवळायचं, अल्कोहोल भरलेल्या नळ्यांत घालून प्रयोगशाळेकडे पाठवायचं. न्यूटने सोडलेला डीएनए पाण्यात काही आठवडेच टिकतो, त्यामुळे तो सापडला तर प्राणी नुकताच तिथे होता. किती होते हे त्यावरून कळत नाही. पण एक माणूस दिवसाढवळ्या एका दिवसात कित्येक तळी तपासू शकतो. ही पद्धत आली तेव्हा मी नाक मुरडलं होतं. रात्रभर थंडीत उभं राहून मिळणारं ज्ञान आणि पळीने पाणी भरणं यांची तुलनाच नको, असं मला वाटलं. त्या नाक मुरडण्यात किती भाग विज्ञानाचा होता आणि किती अभिमानाचा, हे मी आता विचारत नाही.

अभिमानाचा विषय निघालाच आहे तर पगाराचाही काढते. माझी नोकरी या पाहण्यांवर चालत होती. प्रत्येक कुंपण म्हणजे आमच्यासाठी महिनोन्महिन्यांचं काम. जिल्हा परवान्याने त्यातला मोठा भाग काढून घेतला. त्या काळात मी योजनेविरुद्ध बोलत होते ते सगळं पोटासाठी होतं असं नाही; पण ज्या मताने आपलं घर चालतं ते मत तपासायची आपल्याला घाई नसते, एवढं मात्र खरं.

आता माझ्या नव्या बाजूचा सगळ्यात अवघड भाग. या योजनेत बांधकामाच्या जागेवर राहिलेले न्यूट मरू शकतात, आणि परवाना ते गृहीत धरतो. मी ज्या प्राण्यांना ओल्या हातमोज्यांत उचललं, ज्यांच्या पोटांचे फोटो काढले, तसेच प्राणी. निसर्गात निम्मी अंडी मरतातच, मग यात काय, असं मला एका सहकाऱ्याने ऐकवलं. तो युक्तिवाद मला पटला नाही आणि अजूनही पटत नाही. जंतूने माणूस मरतो म्हणून खून माफ होत नाही. मी एवढंच म्हणते की एका जागेवरचे काही प्राणी वाचवायचे की त्या भागातली जात टिकवायची, असा प्रश्न पैशाच्या मर्यादेत खरोखर समोर उभा राहतो, आणि मी दुसरं निवडलं आहे. निवडलेल्या गोष्टीची किंमत आहे. ती दिसेनाशी करून बोलायला मला आवडणार नाही.

दुसराही एक आक्षेप मला अजून मान्य आहे. तळी बहुतेकदा शेतांत, गावाबाहेर जातात. ज्या वस्तीशेजारचं तळं गेलं तिथल्या मुलांच्या वाट्याला न्यूट येत नाहीत. जात सावरते, पण त्या वस्तीच्या आठवणीतून ती जाते. या नुकसानीला निर्देशांकात रकाना नाही.

माझ्या जुन्या बाजूचे काही लोक मला विचारतात, मग तू बोरिस जॉन्सनच्या बाजूला गेलीस का? ३० जून २०२० ला डडलीच्या भाषणात, पंतप्रधान असताना, त्यांनी देशाच्या प्रगतीतल्या अडथळ्यांत न्यूट मोजण्याचं नाव घेतलं होतं. पुढे २०२५ मध्ये अर्थमंत्री रेचल रीव्ह्ज यांनीही, वेगळ्या पक्षाच्या असून, वटवाघळं आणि न्यूट यांची काळजी सोडा असा सूर लावला. हे ऐकून माझा संताप होतो, कारण घरं न बांधली जाण्याची कारणं पैसा, जमीन आणि मजूर यांत शोधायला हवीत. त्याऐवजी एका पंधरा सेंटिमीटरच्या प्राण्यावर सगळं ढकलणं सोपं जातं. मोजणी थांबवा म्हणजे झालं, असं त्यांचं म्हणणं. मी मोजणी थांबवा म्हणत नाही. ती बांधकामाच्या आधीच्या जागेवरून उचलून नंतरच्या तळ्यांवर न्या, म्हणते. दोन्हींमध्ये फरक आहे आणि तो मी दर वेळी समजावून सांगते, बहुतेक वेळा निष्फळ.

न्यूटचं हे उदाहरण पुढे करून आता तीच पद्धत इतर प्राण्यांना लावायची चर्चा आहे. २०२५ मध्ये ब्रिटिश संसदेत आलेल्या नियोजन आणि पायाभूत सुविधा विधेयकातही ही कल्पना होती: जागेवरची काळजी कमी, त्याऐवजी पैसे आणि मोठ्या भागासाठी योजना. इथे मी थांबते. न्यूटसाठी ही पद्धत चालते, कारण तळं खणता येतं. यंत्र असेल तर दोन-चार दिवसांत. आजूबाजूला न्यूट असतील तर ते काही वर्षांत स्वतः येतात. वटवाघळं राहतात त्या तीनशे वर्षांच्या ओकची ढोली खणता येत नाही. जुन्या जंगलात राहणारा डॉरमाउस हा उंदरासारखा छोटा प्राणी, त्याचं जंगल चार पट करून दुसरीकडे देता येत नाही. ज्याचा अधिवास आपल्या हयातीत परत करता येतो, त्याच्याबाबतीतच पैसे घेऊन जागा सोडावी. बाकी सगळ्यांसाठी मी अजूनही कुंपणाच्या आतच उभी आहे.

या सगळ्या विचारात मला आपल्याकडचं, साताऱ्याजवळचं कासचं फुलांचं पठार सारखं आठवत राहिलं. २०१२ मध्ये ते जागतिक वारशाच्या यादीत गेलं, पर्यटक लोटले, फुलं तुडवली जाऊ लागली आणि पठाराला कुंपण घातलं गेलं. पुढे प्रश्न निघाला की कुंपणाने गुरंही बाहेर राहिली, चराई थांबली, आणि त्याचा गवतावर आणि फुलांवर काय परिणाम झाला. साताऱ्यात यावर बरंच बोललं गेलं. पूर्वी तो वाद मी लांबून ऐकून सोडून दिला होता. फुलं वाचवायची तर कुंपण हवं, यात वाद काय, असं वाटलं होतं. माणसाच्या आणि गुरांच्या वापराने घडलेली जागा वापर थांबवून जशीच्या तशी राहत नाही, हे मला इंग्लंडच्या शेततळ्यांनी शिकवलं. तळं काय, पठार काय, नुसतं राखून भागत नाही, त्याचं काहीतरी काम करत राहावं लागतं.

मत बदलल्यावर माझं कामही बदललं. आता मी वसंतात बांधकामांवर कमी आणि शेतांवर जास्त असते. शेतकऱ्यांशी बोलायचं, कुठलं जुनं तळं उघडायचं, कुठे नवं खणायचं, काठ किती उतरता ठेवायचा, मासे येणार नाहीत यासाठी ओढ्याच्या पुरापासून किती लांब राहायचं, हे ठरवायचं. सगळ्यांना न्यूट आवडत नाहीत. एका शेतकऱ्याने मला स्पष्ट विचारलं, तळ्यात न्यूट आले की माझी जमीन सरकारची होणार का? ही भीती कायद्याने तयार केलेली आहे आणि ती खोटी नाही. संरक्षित प्राणी शिवारात सापडणं ही आपत्ती वाटावी अशी व्यवस्था आम्हीच केली होती. या योजनेत शेतकऱ्याला तळ्याच्या देखभालीचे पैसे मिळतात, म्हणून तो आता न्यूट आले का असं मलाच विचारतो. एवढा एक बदल मला बाकी सगळ्या युक्तिवादांपेक्षा जड वाटतो.

तरीही जुनी सवय गेलेली नाही. नव्या तळ्याच्या तपासणीला पाण्याचा नमुना पुरेसा असतो, पण मी टॉर्च घेऊन जाते. नव्याने आलेल्या मुलामुलींनाही नेते, कारण त्यांच्यातल्या काहींनी दोन हंगाम काम केलं तरी जिवंत ग्रेट क्रेस्टेड पाहिलेला नव्हता. प्रयोगशाळेचा होकार-नकार वाचून प्राण्याची बाजू घेणारी माणसं तयार होतील असं मला वाटत नाही. जुन्या पद्धतीतलं हे एक मी सोडायला तयार नाही.

माझी अट एकच आहे आणि ती या योजनेच्या चालकांनाही मी सांगितली आहे. पंचवीस वर्षांचा शब्द दिला आहे, तर पंचवीस वर्षं दर वर्षी तळी दाखवा. कोणत्या तळ्यात न्यूट आले, कोणत्यात आले नाहीत, कोणत्यात मासे शिरले, कोणत्याची झुडपं वाढली, सगळं उघड छापा. कुंपणाची पद्धत फसली ती न्यूट उचलल्याने नाही, उचलल्यानंतर कुणी पाहिलं नाही म्हणून. ही पद्धतही त्याच कारणाने फसू शकते, आणि तिच्यात तर फसल्याचं कळायला बराच उशीर लागेल, कारण पैसे आधीच भरलेले असतील आणि घरांत माणसं राहायला आलेली असतील. दहा-पंधरा वर्षांनी नव्या तळ्यांतून न्यूट नसल्याचं दिसलं, तर मी पुन्हा मत बदलेन आणि पुन्हा असंच लिहीन. त्यासाठी माझ्यापेक्षा जास्त हुशार कुणी लागणार नाही. कुणीतरी एप्रिलच्या रात्री तळ्यावर जाऊन पाहायला मात्र हवं.